सिंजारचा ठाणेदार कोण?

मागच्या अंकात ३ ऑगस्टच्या निमित्ताने मी यझिदी या छोट्या धार्मिक समाजाबद्दल एक टिपण लिहिलं होतं. उत्तर इराकमधला सिंजारचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याची गावं ही या लोकांची मायभूमी. २०१४ साली त्या दिवशी पहाटे आयसिसच्या टोळ्या तिथे शिरल्या. पुरुषांना गोळ्या घातल्या, बायका-मुलींना बाजार मांडून विकलं. आणि इतकी वर्षं उलटली तरी ती माणसं आपल्याच गावात निर्धास्त राहू शकत नाहीत, असं मी म्हटलं होतं. एवढ्याशा टिपणावर पत्रांचा ढीग आला. काही रागाची, काही कळकळीची, आणि एक पत्र असं की वाचून बराच वेळ मला दुसरं काही सुचलं नाही. म्हणून या वेळचं अख्खं सदर याच विषयाला देते आहे. नाव छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय, तेव्हा फक्त वस्ती किंवा गाव देते.

मॅडम, मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. तुमचं टिपण वाचलं. पण आयसिस तर केव्हाच हरली. मग आता यझिदींना वाचवायचं ते कोणापासून?
— निवृत्त हवालदार, पोलीस लाइन टाकळी

साहेब, तुमचा प्रश्न पहिला घेतला, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची गाठ इथेच आहे.

सिंजार शहर नोव्हेंबर २०१५ मध्ये सुटलं. डोंगराच्या दक्षिणेकडची गावं मे २०१७ मध्ये सुटली आणि त्याच वर्षाअखेर इराकने आयसिसवर विजय जाहीर केला. तुमचं म्हणणं इथवर खरं आहे. आता विजयानंतर सिंजारमध्ये बंदूकवाले किती तऱ्हेचे उरले ते बघा. इराकी लष्कर. केंद्रीय पोलीस. हश्द अल-शाबी, म्हणजे कागदावर बगदादच्या हुकमतीतली पण आपापल्या म्होरक्यांचं ऐकणारी सशस्त्र दलं. कुर्दिस्तानच्या पेशमर्गा सैन्याशी जोडलेले यझिदी गट. आणि तुर्कस्तानशी वर्षानुवर्षं लढलेल्या पीकेके या कुर्दी संघटनेच्या मदतीने उभं राहिलेलं, यझिदींचंच आणखी एक दल, वायबीएस. सिंजार बगदादचा की एर्बिलच्या कुर्दी सरकारचा, हा वाद अजून मिटलेला नाही. या वादापायी सिंजारला वर्षानुवर्षं दोन महापौर होते, एक कुर्दी भागातल्या दोहूक शहरात बसून कारभार बघणारा आणि एक प्रत्यक्ष सिंजारमध्ये.

आपल्याकडे खेड्यातला साधा माणूसही ठाण्याच्या पायरीवर पहिला प्रश्न काय विचारतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ‘ठाणेदार कोण आहे?’ ठाणेदार चांगला असो, वाईट असो, त्याचं नाव ठाऊक असतं. त्याच्यावर तक्रार करता येते, त्याची बदली मागता येते. सिंजारच्या बाईच्या दारावर रात्री थाप पडली तर तिने कोणाचं नाव घ्यायचं? बंदुका पुष्कळ आहेत. जाब विचारता येईल असा माणूस त्या बंदुकांमागे नाही. रक्षणाचा प्रश्न मी म्हणते तो हाच.

२०१४ मध्ये नेमकं हेच घडलं होतं. सिंजारच्या रक्षणाची जबाबदारी पेशमर्गांकडे होती. आयसिस येते आहे म्हटल्यावर ते नाके सोडून निघून गेले, आणि बहुतेक गावांना कोणी सावधसुद्धा केलं नाही. गिर झेरिक आणि सिबा शेख खिद्र इथल्या गावकऱ्यांनी घरातल्या हलक्या बंदुका घेऊन काही तास तोंड दिलं. मग गोळ्या संपल्या. हजारो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी डोंगरावर चढली. ऑगस्टचं ऊन, वर झाड नाही, पाणी नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं तिथेच तहानेने गेली. नागपूरकराला ४५ अंश म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेने विमानांतून पाणी आणि अन्नाची पाकिटं टाकली, हल्ले केले. पण डोंगरावरून खाली यायची वाट करून दिली ती सीरियाकडून आलेल्या, पीकेकेशी जोडलेल्या कुर्दी लढवय्यांनी. वायबीएसबद्दल कितीही आक्षेप असले तरी अनेक यझिदी त्यांच्याविरुद्ध अवाक्षर काढत नाहीत, त्याचं कारण हे आहे. ज्यांच्यावर भरवसा ठेवला ते गेले आणि ज्यांचं नावही माहीत नव्हतं ते आले, हे माणूस कसं विसरेल?

आणि सुरुवात आयसिसपासून झाली असंही नाही. याच सिबा शेख खिद्रमध्ये आणि शेजारच्या तिल एझेरमध्ये १४ ऑगस्ट २००७ रोजी स्फोटकांनी भरलेले ट्रक उडवून शेकडो माणसं मारली गेली होती. यझिदी लोक २०१४ च्या संहाराला आपल्यावरचं ७४ वं फर्मान, म्हणजे आपल्याला संपवण्याचा हुकूम, म्हणतात. आधीची ७३ ते पिढ्यान्‌पिढ्या मोजत आले आहेत.

आयसिस गेल्यानंतरचंही सांगते. पीकेकेचे लोक तिथे आहेत म्हणून तुर्कस्तानने २०१७ पासून पुढची कित्येक वर्षं सिंजारवर हवाई हल्ले केले. ऑगस्ट २०२१ मध्ये सिकेनिये गावातला दवाखानाच त्यात उद्ध्वस्त झाला. मे २०२२ मध्ये इराकी लष्कर आणि वायबीएस यांची जुंपली, आणि नुकतेच घरी परतलेले हजारो लोक पुन्हा गाठोडं बांधून दोहूकच्या छावण्यांकडे निघाले. त्यांना आयसिसने पळवलं नाही. रक्षक म्हणवणाऱ्या दोघांच्या भांडणाने पळवलं.

तोड काय हे सगळ्यांना माहीत आहे, अगदी कागदावर सह्या झाल्या आहेत. ९ ऑक्टोबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने बगदाद आणि एर्बिल यांच्यात सिंजार करार झाला. एकच प्रशासन, बाकीच्या दलांनी बाहेर जायचं, आणि स्थानिक लोकांतून २,५०० जणांचं सुरक्षा दल भरायचं. करार होताना यझिदींना मात्र चर्चेच्या टेबलाशी बसवलं नाही, आणि त्यातलं मुख्य काही अमलातही आलं नाही. मला विचाराल तर पहिलं दुखणं दुसऱ्याच्या मुळाशी आहे. ज्यांच्या अंगणात पोलीस उभे करायचे त्यांनाच विचारलं नाही, तर ते पोलीस उभे राहावेत म्हणून धडपडणार कोण? सिंजारमध्ये अरब आहेत, तुर्कमेन आहेत, थोडे ख्रिस्ती आहेत. भरती त्यांच्यातूनही व्हावी. पण एक गणवेश, एक हुकूम, एक कोठडी, आणि त्या कोठडीवर देखरेख ठेवणारं एक न्यायालय. तुमच्या खात्यात हे गृहीत धरलेलं असतं, म्हणून त्याची किंमत आपल्या लक्षात येत नाही.

ताई, आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतो आहे की यझिदी हे मुळात हिंदूच आहेत. मोर म्हणजे कार्तिकेयाचं वाहन, ते दिवे लावतात, पुनर्जन्म मानतात. खरं आहे का? असेल तर आपण त्यांच्यासाठी आणखी काही करायला नको का?
— गृहिणी, मनीषनगर

नाही, खरं नाही. यझिदी हा त्यांचा स्वतःचा धर्म आहे. एक देव, त्याने नेमलेले सात देवदूत, आणि त्यांत प्रमुख तावुसी मेलेक, मोराच्या रूपातला. बाराव्या शतकातले शेख अदी यांची समाधी लालिशच्या दरीत आहे आणि ते त्यांचं सर्वांत मोठं तीर्थ. धर्म मुख्यतः तोंडी चालत आलेला. कव्वाल म्हणजे स्तोत्रं म्हणणारे लोक मोराचं चिन्ह असलेली पितळी मानचिन्हं घेऊन गावोगाव जातात आणि कुर्मांजी कुर्दीतली कवनं म्हणतात. बुधवार पवित्र. एप्रिलमधल्या एका बुधवारी त्यांचं नववर्ष येतं, तेव्हा अंडी रंगवतात, दाराच्या चौकटीवर रानातली लाल फुलं लावतात. त्यांच्यातही शेख, पीर आणि मुरीद असे जन्मावरून ठरणारे गट आहेत आणि गटाबाहेर लग्न होत नाही. हे वाचून काहींना आणखी ओळखीचं वाटेल, पण तेवढ्याने नातं सिद्ध होत नाही.

या तावुसी मेलेकलाच शेजाऱ्यांनी सैतान ठरवलं आणि यझिदींना सैतानाचे पूजक. शेकडो वर्षांच्या कत्तली या एका आळावर झाल्या आहेत. म्हणजे दुसऱ्यांनी त्यांच्या धर्माचा आपल्या सोयीने अर्थ लावला, यातच त्यांचा घात झाला. आपण प्रेमापोटी का होईना, तेच करायचं का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त बोचला. ते आपले निघाले तर आपण काही करायचं, आणि नाही निघाले तर? तहानेने मेलेल्या लेकराची जात-धर्म-कुळी तपासून मग हळहळायचं, हे मला जमणार नाही. तुम्हालाही जमणार नाही, अशी खात्री आहे.

त्याच मेसेजच्या शेवटी मुसलमानांबद्दल जे लिहिलं आहे तेही तुम्ही पाठवलं आहे. सिंजारच्या काही सुन्नी अरब शेजाऱ्यांनी आयसिसला घरं दाखवली, हे खरं आहे आणि ती जखम खोल आहे. मोसूलमध्ये आयसिसच्या कैदेतून पळालेल्या यझिदी नादिया मुरादला ज्या घराने दार उघडलं, लपवलं आणि बाहेर काढलं ते घरही सुन्नी मुसलमानांचंच होतं. ही नादिया कोचो गावची. पुढे २०१८ मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं. आयसिसने शिया मारले, ख्रिस्ती हाकलले, न ऐकणारे सुन्नीही मारले. आपले ३९ मजूर जून २०१४ मध्ये मोसूलमध्ये पकडले गेले, त्यांच्या मृत्यूची खात्री व्हायला मार्च २०१८ उजाडला. हा मेसेज पुढे पाठवू नका, एवढी विनंती.

माझे वडील १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. धर्म बदलणं ही आमच्यासाठी सुटका होती, नवा जन्म होता. तुम्ही लिहिलं की कोचो गावाला ‘धर्म बदला नाहीतर मरा’ असं सांगितलं गेलं. वाईट वाटून घेऊ नका, पण बदलला असता तर जीव वाचला असता ना? जीव राहिला तर धर्म पुन्हा घेता येतो.
— निवृत्त शिक्षक, इंदोरा

सर, मघाशी ज्या पत्राचा उल्लेख केला ते हे. तुमच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही, म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं सांगते.

कोचोला ३ ऑगस्टपासून वेढा होता. गावाच्या प्रमुखाला मुदत दिली होती, ती वाढवली. त्या दिवसांत गावातून बाहेर फोन जात होते. नातेवाइकांना, ओळखीच्यांना, बातमीदारांना. सगळ्या जगाला कोचो कुठे आहे ते कळत होतं आणि कोणीही आलं नाही. १५ ऑगस्टला, इकडे आपण झेंडावंदन करत होतो त्या दिवशी, अख्ख्या गावाला शाळेत बोलावलं. फोन, पैसे, बायकांच्या अंगावरचे दागिने काढून घेतले. बायका-मुलं वरच्या मजल्यावर, पुरुष खाली. पुन्हा एकदा विचारलं, मुसलमान व्हायचं का? नाही म्हटल्यावर पुरुषांना गाड्यांत भरून गावाबाहेर नेलं आणि गोळ्या घातल्या. वरच्या खिडकीतून बायकांना गोळ्यांचे आवाज ऐकू येत होते. प्रेतांखाली दबून काही मोजके पुरुष वाचले, त्यांनी हे जगाला सांगितलं. बायकांना सोलाघच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत नेलं. त्यांतल्या ज्या वयस्कर होत्या, ज्यांना विकून दाम येणार नव्हता, त्यांना वेगळं काढून मारून टाकलं. मुलींना मोसूलला, पुढे सीरियात राक्काला. मुलग्यांना लढाईच्या छावण्यांत.

आता तुमचा प्रश्न. ज्यांनी ‘हो’ म्हटलं त्यांचं काय झालं? अशी कुटुंबं होती. त्यांना तल अफरजवळच्या कसर अल-मिहराब आणि किझिल किओ या दोन रिकाम्या शियाबहुल गावांत नेऊन ठेवलं. मेंढ्या राखायच्या, बांधकामावर राबायचं, नमाज पढायचा, हजेरी द्यायची. २०१५ च्या वसंतात आयसिसने ठरवलं की यांचं धर्मांतर खरं नाही. पुरुष वेगळे काढले, ते नाहीसे झाले. बायका-मुली पुन्हा बाजारात गेल्या. हे सगळं संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने जून २०१६ च्या अहवालात नोंदवलं आहे आणि याला वंशसंहार म्हटलं आहे. म्हणजे तो प्रश्न निवडीचा नव्हताच. त्यांना यझिदी नावाचा समाज उरू द्यायचा नव्हता.

तुमच्या वडिलांनी १४ ऑक्टोबरला ज्या मैदानात हात जोडले तिथे कोणाच्या हाती बंदूक नव्हती. बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ मध्ये घोषणा केली आणि त्यानंतर एकवीस वर्षं विचार केला, वाचलं, चर्चा केली. बावीस प्रतिज्ञा लोकांनी स्वतःच्या तोंडाने म्हटल्या. सर, तुम्ही वडिलांबद्दल लिहिलंय त्याच अभिमानाने कोचोचे पुरुष ‘नाही’ म्हणाले असतील, असं मला वाटतं.

मदतीसाठी पैसे पाठवायचे असतील तर?
— बँक कर्मचारी, धरमपेठ

नादियाज इनिशिएटिव्ह, याझदा, फ्री याझिदी फाउंडेशन या तिन्ही संस्था प्रत्यक्ष यझिदींनी सुरू केलेल्या आहेत. परदेशी संस्थेला रिझर्व्ह बँकेच्या नियमांत राहून देणगी पाठवता येते, मात्र त्यावर आयकरात सूट मिळत नाही. संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच पाठवा. फोनवर आलेल्या लिंकवरून नको.

बाई, आमचं गाव गोसेखुर्दच्या पाण्यात गेलं. आम्ही पुनर्वसनाच्या गावठाणात राहतो. आम्हाला परत जायचं म्हटलं तरी जाता येत नाही. यांचं गाव तर जागेवर आहे, सरकार पैसेही देते म्हणता. मग लोक परत काहून जात नाहीत?
— शेतकरी, ता. कुही

भाऊ, काही गेले आहेत. डोंगराच्या उत्तरेकडे बऱ्यापैकी, दक्षिणेकडे कमी. तरी २०२३ सालीसुद्धा सिंजारचे दोन लाखांच्या आसपास लोक विस्थापितच होते.

गाव जागेवर आहे म्हणता, तर त्या गावात शिरूया. घराचं छत खाली आलेलं. दार ढकलायचं तर भीती, कारण आयसिसवाले जाताना उंबरठ्याखाली, कपाटात, फ्रिजमध्येसुद्धा सुरुंग पेरून गेले. विहिरीत दगडमाती टाकून ती बुजवलेली. सिंजारची अंजिरं नावाजलेली, ऑलिव्हच्या बागा होत्या. झाडं तोडली, जाळली. नवीन लावली तर फळ धरायला वर्षं लागतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. शाळा असली तर शिक्षक नाही. दवाखाना असला तर डॉक्टर नाही. आणि गावाच्या कडेला काटेरी कुंपण घातलेला एक तुकडा, त्यात सामूहिक कबर. सिंजार भागात अशा ऐंशीच्या वर कबरी सापडल्या आहेत. कोचोची पहिली कबर मार्च २०१९ मध्ये उकरली. मग बगदादला हाडांची डीएनए तपासणी, नातेवाइकांचं रक्त घेऊन जुळणी. ६ फेब्रुवारी २०२१ रोजी १०४ जणांना कोचोत माती दिली. कुटुंबच्या कुटुंब गेलं तिथे रक्त द्यायलाही कोणी उरलेलं नाही, ती हाडं कोणाची ते ठरवायचं कसं?

पैशाचं असं आहे. परतणाऱ्या कुटुंबाला ४० लाख दिनार देऊ म्हणाले. ऐकायला मोठा आकडा, पण होतात साधारण तीन हजार डॉलर. त्यात घर उभं राहत नाही. नुकसानभरपाईचे दावे लोकांनी भरले, काही मंजूरही झाले, आणि मंजुरीचे पैसे २०२३ पर्यंत हातात पडले नव्हते. हा अनुभव तुम्हाला नवा नसेल.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाबतीत झाली ती त्यांच्या बाबतीत झाली नव्हती. तुमच्याकडे सातबारा होता. १९७५ नंतर सद्दामच्या राजवटीने डोंगरातली यझिदी गावं उठवून त्यांना पायथ्याच्या वसाहतींत कोंबलं आणि त्या घरांचा मालकीहक्क दिलाच नाही. पन्नास वर्षं माणसं राहिली, मेली, पण कागद नाही. इराकच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये हा हक्क द्यायचं ठरवलं. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला हा सगळ्यांत कामाचा निर्णय आहे, शिलालेखांपेक्षा आणि श्रद्धांजलींपेक्षा कामाचा. ज्याच्या नावावर जमीन त्याला हाकलायला निदान कारण तरी सांगावं लागतं.

तरीही भीती जात नाही. सरकारने ३० जुलै २०२४ पर्यंत छावण्या बंद करायचं ठरवलं, मग मुदत पुढे ढकलली. त्याच ऑगस्टमध्ये एका यझिदी सेनानीच्या वक्तव्यावरून समाजमाध्यमांवर यझिदींना मारण्याच्या धमक्यांचा भडका उडाला, आणि दोहूकच्या छावण्यांतली शेकडो कुटुंबं घाबरून रातोरात सिंजारकडे निघाली. भाऊ, ही घरवापसी नव्हे. एका भीतीतून दुसऱ्या भीतीत जाणं झालं.

सुटून आलेल्या मुलींना त्यांच्या समाजाने घरात घेतलं का? आपल्याकडे घेतलं असतं का, हा विचार मनातून जात नाही.
— परिचारिका, मेडिकल चौक

घेतलं. आणि ते ज्यांनी घडवून आणलं त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे. जुन्या नियमाप्रमाणे परधर्मीयाशी संबंध आला की, जबरदस्तीने का असेना, माणूस समाजाबाहेर. यझिदींचे त्या वेळचे धर्मप्रमुख बाबा शेख खुर्तो हाजी इस्माईल यांनी सांगितलं की या मुली पूर्वी होत्या तितक्याच पवित्र आहेत, त्यांना मानाने घरी घ्या. सुटून आलेल्या मुली लालिशला जात. तिथे पांढऱ्या झऱ्याचं पाणी त्यांच्या डोक्यावर घालत, आणि वृद्ध बाबा शेख स्वतः त्यांच्या डोक्यावर हात ठेवत. तुम्ही रुग्णांत वावरता. अशा बाईला औषधाइतकीच त्या हाताची गरज असते, हे तुम्हाला पटेल. ते २०२० मध्ये वारले.

सहा हजारांहून अधिक बायका-मुलं पळवली गेली. त्यांतली अडीच हजारांवर अजून बेपत्ता आहेत. अकराव्या वर्षी पळवलेली एक मुलगी ऑक्टोबर २०२४ मध्ये गाझातून सुटून आली, एकविसाव्या वर्षी. म्हणून बेपत्तांच्या यादीवर कोणी ‘मृत’ असं लिहून फाइल बंद करू नये, असं मी पुन्हा पुन्हा म्हणते.

अवघड भाग मुलांचा. बलात्कारातून जन्मलेल्या बाळांना स्वीकारू असं धर्मपरिषदेने एप्रिल २०१९ मध्ये म्हटल्यासारखं झालं आणि काहीच दिवसांत खुलासा आला की ही मुलं त्यात धरलेली नाहीत. शिवाय इराकचा कायदा बाप मुसलमान तर मूल मुसलमान असंच लिहितो. मग आईपुढे दोनच वाटा: बाळ सोडून घरी या, किंवा बाळासाठी घर सोडा. सीरियाच्या छावण्यांत काही जणी या कारणाने आपली ओळख लपवून राहिल्या. एवढा लहान, इतक्या वेळा मारला गेलेला समाज रक्ताच्या शुद्धतेला का चिकटतो ते मला समजतं. पण त्या आईकडून पुन्हा एकदा काहीतरी हिसकावून घेणं मला मान्य नाही.

१ मार्च २०२१ रोजी इराकने पीडित यझिदी महिलांसाठी कायदा केला. मासिक रक्कम, जमीन, उपचार, शिक्षण अशा तरतुदी त्यात आहेत. रक्कम बऱ्याच जणींना सुरू झाली. उपचारांची बाजू फार लंगडी आहे.

मॅडम, आम्ही एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. इराक आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही. मग गुन्हेगारांना शिक्षा करणार कोण? आणि नागपुरात बसून आम्ही यात काय करू शकतो?
— विद्यार्थिनी, रविनगर

मुलींनो, सीरियाही सदस्य नाही. सुरक्षा परिषदेने २०१७ मध्ये ठराव २३७९ करून पुरावे गोळा करायला युनिटाड नावाचं पथक नेमलं. त्याने मे २०२१ मध्ये वंशसंहाराचा स्पष्ट पुरावा असल्याचं सांगितलं. इराकच्या इच्छेनुसार ते पथक सप्टेंबर २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं. इराकी न्यायालयांनी आयसिसच्या लोकांना धडाधड फाशी ठोठावली, पण दहशतवादी संघटनेचे सदस्य म्हणून. सुनावणी कधी कधी काही मिनिटांची, साक्षीला यझिदी बाई नाही. तिच्यावर काय झालं ते निकालपत्रात येतच नाही.

ते आलं जर्मनीत. फलुजामधल्या एका घरात आयसिसच्या माणसाने यझिदी आई आणि तिची पाच वर्षांची मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली होती. पोरीने आजारपणात अंथरूण ओलं केलं म्हणून त्याने शिक्षा म्हणून तिला भर उन्हात खिडकीच्या गजाला बांधलं. ती तहानेने मेली. आई तिथेच होती. फ्रँकफर्टच्या न्यायालयात ती आई साक्षीला उभी राहिली, आणि ३० नोव्हेंबर २०२१ रोजी त्या माणसाला वंशसंहारासाठी जन्मठेप झाली. यझिदींच्या वंशसंहारासाठी जगात झालेली ही पहिली शिक्षा. आरोपी इराकी, गुन्हा इराकमध्ये, न्यायालय जर्मन. हे शक्य झालं, कारण वंशसंहार कुठेही झाला तरी आम्ही खटला चालवू असं जर्मनीचा कायदा म्हणतो. पुढे स्वीडनमध्येही शिक्षा झाली.

आता आपल्याकडे या. वंशसंहारविरोधी करारावर भारताने १९४९ मध्ये सही केली, १९५९ मध्ये तो मान्य केला. करारातच लिहिलं आहे की प्रत्येक देशाने त्यासाठी स्वतःचा कायदा करावा. आपण केला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारातल्या सज्जन कुमार प्रकरणाच्या निकालात ही पोकळी बोलून दाखवली आणि ती तातडीने भरावी असं म्हटलं. नंतर भारतीय न्याय संहिता आली, १ जुलै २०२४ पासून लागूही झाली. वंशसंहाराचं कलम तिच्यातही नाही.

हा पुस्तकी मुद्दा नाही. २०१४ मध्ये आपल्याच कल्याणचे चार तरुण आयसिसकडे गेले. तिकडे गेलेल्या केरळच्या एकाला कोचीच्या एनआयए न्यायालयाने २०२० मध्ये जन्मठेप दिली. कलमं कोणती, तर दहशतवादाची, आणि भारताच्या मित्र असलेल्या आशियाई सत्तेविरुद्ध युद्ध पुकारल्याचं. म्हणजे आपल्या कायद्याला गुन्हा दिसला तो इराक सरकारविरुद्धचा. उद्या यझिदी मुलगी विकत घेतलेला माणूस नागपुरात सापडला आणि ती मुलगी इथे साक्षीला आली, तर तिच्या समाजाचं जे झालं त्याचं नाव आरोपपत्रात लिहायला सरकारी वकिलाजवळ कलम नाही.

तुम्ही विचारता काय करू. हे कलम लिहा. खरंच लिहा, सेमिनारच्या कामाचा भाग म्हणून मसुदा करा. व्याख्या कराराच्या दुसऱ्या कलमातून जशीच्या तशी घ्या. भारताबाहेर झालेल्या गुन्ह्यावर अधिकारक्षेत्र कुठवर, सरकारची पूर्वपरवानगी लागावी की नाही, आणि साक्षीदाराचं संरक्षण, या तीन जागी खरी डोकेफोड आहे. मसुदा विधी आयोगाला पाठवा, आपल्या खासदारांना द्या, आणि त्यांना दोन लेखी प्रश्न विचारायला सांगा: एक कायदा मंत्रालयाला, की १९५९ पासून हे कलम का नाही, दुसरा परराष्ट्र मंत्रालयाला, की सिंजार करार अमलात यावा म्हणून भारताने बगदादशी काही बोलणं केलं का. आपण इराककडून भरपूर तेल घेतो, त्यामुळे आपल्या प्रश्नाला तिथे वजन आहे. लेखी प्रश्नाला मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते संसदेच्या नोंदीत राहतं. मसुदा झाला की माझ्याकडे आणा, रविवारी सकाळी मी घरीच असते.